सातिवलीचा बेतशिकारी

भारतात १९७२ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची उरलीसुरली शिकारही मोडीत काढली, तेव्हा शिकारी ही जमात नामशेष झाली असा जो समज आहे, तो अपुऱ्या निरीक्षणावर आधारलेला आहे. या अधिनियमातील शिकारीची व्याख्या कमालीची ऐसपैस असून प्राण्याला मारणे, विष घालणे, सापळ्यात धरणे, हाकून काढणे, आमिष लावणे आणि यांपैकी काहीही करण्याचा नुसता प्रयत्न करणे, हे सारे तिच्या पोटात जाते. मात्र शिकारीचा बेत आखणे तिच्यात कुठेच बसत नाही. कायद्याने मोकळ्या सोडलेल्या या एवढ्याशा पट्टीवर जो गृहस्थ वर्षानुवर्षे बिनघोर वस्ती करून असतो, त्याला सोयीसाठी बेतशिकारी म्हणावे. वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात, विशेषतः सातिवलीच्या आसपास, तो चांगला पोसलेला आढळतो.

व्यवसायाने तो गाळेवाला असतो. गाळा म्हणजे औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यापुरती जागा. तीत चार-सहा यंत्रे, एक कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून साठवणारे यंत्र, आणि काचेच्या पार्टिशनमागे शेठची खुर्ची एवढा संसार मावतो. खुर्चीमागच्या खिडकीतून तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो, आणि सारा घोटाळा तिथूनच सुरू होतो. २००३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेले सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे जंगल बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि तानसा यांना जोडणारा दुवा असून त्यात बिबट्या आहे, रानडुक्कर आहे, भेकर आहे; अस्वल नाही. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरून कामाला येणारा मदतनीस ही गोष्ट शेठच्या कानावर वारंवार घालतो, पण शिकारीवरची पुस्तके न वाचलेल्या माणसाचे मत म्हणून ती बाजूला ठेवली जाते. जाता-येता रोज रेंज ऑफिसचा नाका लागतो, तेवढ्यावर ‘आपला फॉरेस्टवाल्यांशी रोजचा संबंध आहे’ असे शेठ पाहुण्यांना सांगतो.

प्रत्येक बेतशिकाऱ्याला ठासणीची बंदूक चालवणारे एक आजोबा असतात. ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या नळीत तोंडाकडून दारू आणि छर्रे गजाने ठासून भरावे लागतात ती. या भरण्यास वेळ फार लागत असल्याने प्रसंगी जनावर निघून जाई आणि कथा तेवढी मागे राही. आजोबांनी भाताची नासधूस करणारे एक रानडुक्कर मारले, इतकाच या कथेचा मूळ गाभा असावा. वडिलांच्या सांगण्यात त्या डुकराला सुळे फुटले आणि नातवाच्या सांगण्यात अंगावर केस आले. ते मागच्या पायांवर उभे राहू लागले, तेव्हा त्याचे अस्वल झाले आहे हे कुटुंबातील कोणाच्याही फारसे ध्यानात आले नाही.

वाघ किंवा बिबट्या सोडून अस्वलच का, या प्रश्नाचे उत्तर २०२४ साली मिळाले. त्या वर्षी मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसू लागला आणि एप्रिलमध्ये वनखात्याच्या पिंजऱ्यात सापडला. मधल्या दिवसांत बेतशिकाऱ्याने पिंजरा कुठे लावावा, वारा कुठून वाहतो, बिबट्या पाण्यावर कधी येतो यांविषयी गाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना विनामूल्य मार्गदर्शन केले; स्वतः मात्र संध्याकाळनंतर किल्ल्याच्या बाजूला जाणे त्याने कटाक्षाने टाळले. दाराशी येणारे जनावर बेताला उपयोगी पडत नाही, कारण ते उत्तर मागते. अस्वल विदर्भात, ताडोबा-मेळघाटाकडे राहते, आणि हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

त्याचे अस्वलविषयक ज्ञान मात्र कच्चे नसते, हे मान्य करावे लागेल. भारतीय अस्वलाला वरच्या जबड्यातले मधले दोन पुढचे दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी भात्यासारखी जोराने ओढून घेते आणि तो आवाज शंभर-दीडशे पावलांवरही ऐकू येतो. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. मोहाच्या दिवसांत पहाटे फुले वेचायला गेलेल्या माणसाची आणि अस्वलाची एकाच झाडाखाली गाठ पडते. हे सर्व तो चहाच्या वेळी अभिनयासह सांगतो. वाळवी ओढण्याचा आवाज त्याने काढला, की आतला ऑपरेटर हातातले काम टाकून कॉम्प्रेसरचा पाइप कुठे गळतो आहे हे पाहायला धावतो.

हे अस्वल अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण मिळालेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्याच्या शिकारीस किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद व किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. जीएसटीचे विवरणपत्र एक दिवसही चुकू न देणारा हा मनुष्य कायदा मोडण्याचा विचार स्वप्नातही करत नाही, आणि म्हणून त्याचा बेत अमेरिकेला जातो. तिथे न्यू जर्सीतील पारसिपनी गावी त्याचा भाचा राहतो, आणि त्या राज्यात मध्यंतरी थांबलेली काळ्या अस्वलाची शिकार डिसेंबर २०२२ पासून पुन्हा सुरू झाली आहे. परकीय पर्यटकाला तिथे एरवी बंदूक बाळगता येत नाही, पण शिकारीचा परवाना असल्यास येते. परवान्यासाठी शिकारीच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, आणि बेतशिकाऱ्याला अभ्यासक्रम म्हणजे साक्षात पंचपक्वान्न. गाळ्याच्या जमाखर्चाच्या वहीत मागच्या पानापासून उलट्या दिशेने त्याची टिपणे चालतात. ‘वारा – समोरून हवा. बूट – घेतले. दुर्बीण – घेतली. अस्वल – येणे बाकी.’ यांपैकी बूट सातिवली रस्त्यावर पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यात कामी आले असून, दुर्बिणीतून गच्चीवरून महामार्गावरची वाहतूक कुठवर अडली आहे ते पाहिले जाते.

आमिषाचे प्रकरण जरा विस्ताराने सांगण्यासारखे आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात शिळे डोनट, म्हणजे तळलेली गोड कडी, पिंपात भरून जंगलात ठेवतात आणि शिकारी जवळच्या मचाणावर बसून राहतो. हे वाचल्यावर बेतशिकाऱ्याला आपला प्रांत किती मागे पडला आहे याची जाणीव झाली व त्याने वसईची सुकेळी सुचवली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की ती मधाच्या रंगाची आणि चिवट गोड होतात, त्यांना सुकेळी म्हणतात. ती आता मोजक्याच घरी होतात आणि किंमत ऐकून गिऱ्हाईक गप्प होते. तरीही शास्त्रीय चाचणीसाठी एक पुडा आणला गेला, माल तोलायच्या काट्यावर त्याचे वजन झाले, वास किती लांब जातो हे पाहण्यासाठी तो टेबलावर उघडा ठेवला गेला, आणि दुपारपर्यंत एकही अस्वल न आल्याने शेठने तो स्वतःच संपवला. वहीत नोंद झाली: ‘आमिष – उत्तम.’

बेताची खरी परीक्षा जंगलात होत नाही, स्वयंपाकघरात होते. न्यू जर्सीत शिकारीचा हंगाम ऑक्टोबरात आणि डिसेंबरात असा दोनदा येतो. ‘अहो, ऑक्टोबरात नवरात्र असतं,’ असे पत्नीने एकदा शांतपणे सांगितले, तेव्हा डिसेंबर ठरला. मग तिने भिंतीवरचे कालनिर्णय काढून मार्गशीर्षातले गुरुवार दाखवले. ‘आणि मारलंत तर शिजवणार कोण? माझ्या भांड्यांत नाही हं.’ हा प्रश्न कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता. एरवी प्रत्येक मुद्द्याला तोड काढणारा बेतशिकारी यावर दोन दिवस विचारमग्न होता, आणि तिसऱ्या दिवशी त्याने कातडे कमावण्याच्या पद्धतींवरचे वाचन सुरू केले, म्हणजे मटणाचा विषय आपोआप पुढे ढकलला गेला.

गेल्या हंगामात भाच्याच्या अंगणात रात्री खरेच एक काळे अस्वल आले, कचऱ्याचे पिंप आडवे करून त्यातले सामान निवांत चिवडून गेले, आणि भाच्याने खिडकीआडून थरथरत्या हाताने त्याचे चित्रीकरण करून मामांना पाठवले. मामांनी ते यंत्रे बंद करून सर्व कामगारांसह तीनदा पाहिले. मग कामगारांना पुढच्या कामाला लावून त्यांनी भाच्याला जो दीर्घ ध्वनिसंदेश पाठवला, त्यात अस्वलाचे वजन, त्याचे अंदाजे वय, खिडकीची चुकलेली दिशा आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहण्याचा भाच्याचा निष्काळजीपणा यांचा सविस्तर परामर्श होता; शेवटी, पिंपात नेमके काय टाकले होते याची यादी तातडीने पाठवावी, अशी सूचना होती.