लागेलकाका

पुनर्विकासाच्या सर्वसाधारण सभेत लोक ठरावीकच प्रश्न विचारतात. कार्पेट किती वाढणार, कॉर्पस किती मिळणार, भाडं दरमहा की वर्षाचं एकदम, पार्किंग साधं की यांत्रिक. बिल्डरच्या माणसाकडे या सगळ्याची उत्तरं तयार असतात. मग मागच्या रांगेतून एक हात वर येतो.

"नव्या फ्लॅटला माळा किती फुटांचा?"

"सर, हल्ली माळा देत नाहीत. खोल्या मोकळ्या वाटतात."

"मग सामान?"

"कुठलं सामान, सर?"

काका खाली बसतात. ज्याला हा प्रश्न पडू शकतो त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही, हे त्यांनी ओळखलेलं असतं.

हे लागेलकाका. पुण्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या प्रत्येक सहकारी सोसायटीत एक तरी लागेलकाका असतोच; नसेल तर तिची नोंदणी झालीच कशी, असं उपनिबंधकांना विचारायला हरकत नाही. ते बँकेतून निवृत्त झालेले असोत की खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून, अंगावर बाह्या दुमडलेला सदरा, खिशात टेस्टर आणि मनगटाला मिठाईच्या पुड्याचं रबर एवढी खूण पुरते. त्यांच्या लेखी जगातल्या वस्तूंचे दोनच वर्ग : लागणाऱ्या आणि पुढे लागणाऱ्या.

त्यांचा माळा म्हणजे या दुसऱ्या वर्गाचं माहेर. पडदा सरकवला की समोर येतो तो रंगीत टीव्हीचा खोका. १९८२ साली दिल्लीत एशियाड झालं आणि देशात रंगीत टीव्ही आला. काकांनी तो थोडा उशिरा, हप्त्यांवर घेतला. टीव्ही जाऊन वीस वर्षं झाली, पण खोका थर्माकोलसकट आहे, कारण 'घर हलवायची वेळ आली तर?' खोक्यात मिक्सरचा खोका आहे, त्यात इस्त्रीचा, इस्त्रीच्या खोक्यात दाढीच्या यंत्राचा. बाजूला श्रीखंडाचे रिकामे डबे, झाकणं वेगळ्या पिशवीत. एका डब्यात कुलपं नसलेल्या किल्ल्या. ("कुलपं सापडली की मग?") एका बरणीत चार आणे : ३० जून २०११ नंतर ते चलनातून गेले, पण रिझर्व्ह बँकेने हा निर्णय जरा घाईनेच घेतला असं काकांचं मत आहे.

त्यामागे दोरीने बांधलेली कालनिर्णयं. कालनिर्णय १९७३ साली निघालं, तेव्हापासूनची सगळी. पहिला आक्षेप येताच काका समजावून सांगतात : २०१५ आणि २०२६ या दोन्ही वर्षांचे वार तंतोतंत जुळतात. तेव्हा २०१५चं कालनिर्णय २०२६ला काढायचं, सणवार तेवढे पेन्सिलीने दुरुस्त करून घ्यायचे. अधिक महिना तेव्हा आषाढ होता, आता ज्येष्ठ आहे. तेवढं लक्षात ठेवायचं. हे सगळं ज्या भिंतीसमोर उभं राहून ते सांगतात, तिच्यावर २०२६चं नवं कालनिर्णय टांगलेलं असतं. ते काकूंनी आणलेलं.

जागा खाली करायची नोटीस लागली, तशी मुलगी बंगळुरूहून चार दिवसांची रजा काढून आली. पुनर्विकासासाठी सभासदांची संमती शासनाने ४ जुलै २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनी ५१ टक्क्यांवर आणली, पण माळा रिकामा करायला अजून शंभर टक्के लागते, आणि ते शंभर टक्के एकटे काका. मुलीने हॉलमध्ये खडूने तीन चौकोन आखले : ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. काकांनी पद्धतीचं कौतुक केलं आणि खडू मागून घेऊन चौथा चौकोन आखला : बघू. दुपारच्या चहापर्यंत 'टाकायचं'मध्ये एक फुटकी बादली होती. चहानंतर तीही 'बघू'मध्ये आली. तिची कडी शाबूत होती.

'द्यायचं'चा चौकोनही तसा सोपा नव्हता. काका द्यायला नाही म्हणत नाहीत. फक्त वस्तू चांगल्या हातात जायला हवी. म्हणून घेणाऱ्याची मुलाखत होते. बोहारणीला त्यांनी विचारलं, "या कोटाचं पुढे काय करणार?" तिने कोट उजेडात धरला, अस्तर चाचपलं आणि एक चहाची गाळणी पुढे केली. लग्नातल्या कोटाची गाळणी! सौदा मोडला. कामाच्या मावशींना जुना मिक्सर देऊ केला, तर त्या म्हणाल्या, "काका, माझा तीन भांड्यांचा आहे. हा तुम्हालाच राहू दे, पुढे लागेल." या शेवटच्या दोन शब्दांत काही खोच असेल अशी शंका काकांना आली नाही. उलट, मावशींना वस्तूची जाण आहे, असं ते दोन दिवस सांगत होते.

काकूंना या बाबतीत निर्दोष सोडता येणार नाही. काकांच्या माळ्यावर त्या चाळीस वर्षं ताशेरे ओढत आल्या, पण स्टीलच्या भांड्यांचं कपाट उघडताच त्यांचा आवाज बदलला. त्या काळात आहेराच्या भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. तांब्या, वाडगा, डबा, परात, जे असेल त्यावर कोणाकडून, कोणाला, कशानिमित्त आणि तारीख. आता देणाऱ्या मावशी हयात नाहीत, ज्याची मुंज होती तो टोरांटोत आहे, आणि डब्याला पोचा आलाय. पण कोरलेलं नाव परक्याच्या फडताळात कसं जाऊ द्यायचं? अशी दोन पोती निघाली. मुलीने आईकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर पाहत होते, आणि आयुष्यात प्रथमच एक शब्द बोलले नाहीत.

पितळी बंबावर मात्र खरी लढाई झाली. गॅस गीझर आल्यापासून त्यात कोणी कोळसा घातलेला नाही. मुलगी म्हणाली, मोडीत घाला, पितळेला भाव आहे. काका शांतपणे म्हणाले, "केळकर संग्रहालय पाहिलंस ना?"

हा त्यांचा हुकमी एक्का. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत, आणि त्यांत तलवारींपेक्षा दिवे, अडकित्ते, दौती, फण्या आणि पाय घासायच्या वज्र्या पाहायलाच लोक थांबतात. "दिनकर केळकरांच्या घरच्यांनी म्हटलं असतं, मोडीत घाला, तर? त्यांनी सगळं जपलं, १९७५ साली सरकारला दिलं. आणि काय गं, कोथरूडहून मस्तानीचा महाल उचलून आणून त्यांनी तिथे पुन्हा उभा केला. अख्खा महाल! तुमच्याच्याने एक बंब हलत नाही?"

केळकरांनी निवड केली होती, हे मुलीला म्हणायचं होतं. पण तोवर काका बंबाला चिंच लावायला बसले होते.

यावर हसून मोकळं होता येतं, पण थोडा हिशेब मांडायला हवा. काका १२ जुलै १९६१ला शाळकरी होते, शनिवार पेठेत राहत होते. पानशेत धरण फुटलं, लकडी पूल बुडाला, आणि सकाळी ज्या घरात चहा झाला त्या घरात संध्याकाळी गाळ होता. पुढे १९७२चा दुष्काळ, रेशनचा लाल मिलो. मग स्कूटरला नंबर, फोनला नंबर, गॅसला नंबर. जी वस्तू दारात यायला वर्षं लागली, ती बिघडली म्हणून दाराबाहेर काढायची, हे त्या पिढीला शिकवलंच नाही कोणी. बिघडलेली वस्तू म्हणजे अर्धी वस्तू. आणि अर्धी का होईना, पुन्हा नंबर लावावा लागत नाही. आपण 'डिक्लटर' करतो, कारण मागवलेली नवी वस्तू उद्या संध्याकाळी येणार असते. काकांचा त्या संध्याकाळवर विश्वास नाही, एवढाच फरक.

हे समजून घेतलं तरी रात्री साडेदहाच्या प्रकाराचं समर्थन होत नाही. सोसायटीने टाकाऊ सामानासाठी पार्किंगमधला एक कोपरा मोकळा केला होता; 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दर दोन दिवसांनी येऊन वर्गवारी करून नेत. मुलीने काकांचा डोळा चुकवून सात पोती तिथे पोचवली. रात्री काका बॅटरी घेऊन 'शतपावलीला' उतरले. तिथे बी विंगचे अण्णा आधीच हजर होते, तेही शतपावलीलाच. दोघांनी एकमेकांच्या ढिगांची मनापासून तारीफ केली. काका वर आले तेव्हा स्वतःची चार पोती परत आली होती. शिवाय अण्णांचा टेबलफॅन, तिसऱ्या मजल्यावरची कपडे वाळत घालायची घडवंची आणि कोणाच्या तरी घरातली व्हिडिओ कॅसेटची पेटी. चार दिवसांच्या आवराआवरीनंतर घरातलं सामान वाढलं होतं.

मुलगी बॅग भरत होती तेव्हा चेअरमन धावत आले. बिल्डरच्या वकिलाला इमारतीचा मूळ मंजूर नकाशा हवा होता. सोसायटीचं दप्तर सेक्रेटरीकडून सेक्रेटरीकडे फिरता फिरता वाळवीकडे गेलं होतं. महापालिकेत अर्ज केला होता. तिथून 'शोध चालू आहे' असं उत्तर आलं होतं. नकाशावाचून पुढचा कागद हलेना.

काका उठले, स्वयंपाकघरात गेले, तिसऱ्या फळीवरचे डाळीचे डबे एकेक करून खाली घेतले. डब्यांखाली अंथरलेला होता निळा, जाड, चौपदरी कागद. सही, शिक्का, साल १९७८. पाण्याच्या टाकीवर हळदीचा डाग होता आणि जिन्यापाशी तेल मुरलं होतं, पण उत्तर दिशा दाखवणारा बाणसुद्धा स्पष्ट होता. बांधकाम चालू असताना कंत्राटदाराच्या माणसाने एक जास्तीची प्रत टाकून दिली होती. काकांनी ती उचलली होती. कागद जाड होता, लागेल.

वकिलाने नकाशा दोन बोटांनी धरून नेला. चेअरमन हात जोडून गेले. एक कागद सापडला आणि त्याच्या पुण्याईवर माळ्यावरची पन्नास पोती वाचली. मुलीने बॅगेची चेन लावली आणि काही न बोलता 'टाकायचं'चा चौकोन पायाने पुसला.

मूव्हर्सचा सर्व्हेवाला आला. त्याने माळ्याचा पडदा बाजूला केला, पुन्हा सोडला आणि मालकाला फोन लावला : "शेठ, ४०७ टेम्पो नाही पुरणार." सामान हलायच्या दिवशी फोरमन चार माणसं घेऊन आला, सोबत टेप, बबल रॅप आणि स्वतःचे कोरे खोके. काकांनी टीव्हीचा खोका अभिमानाने पुढे केला. नवा टीव्ही कागदासारखा पातळ आणि हातभर रुंद. तो काही त्यात बसेना. मग टीव्ही मूव्हर्सच्या खोक्यात गेला, आणि टीव्हीचा रिकामा खोका, आतल्या तिन्ही खोक्यांसकट, मूव्हर्सच्या दुसऱ्या खोक्यात. फोरमनने यादीत लिहिलं, 'खोका – १ (आत खोका)', आणि काकांची सही घेतली.

भाड्याचं घर मागच्याच गल्लीत. जाताना फोरमन सांगून गेला, "काका, परवा येतो, आमचे खोके तेवढे रिकामे करून ठेवा."

परवा तो आला. खोके खरोखरच रिकामे होते. नीट घडी घालून, सुतळीने बांधून, बाल्कनीत रचलेले. वर चिठ्ठी : 'परतीच्या शिफ्टिंगसाठी.'

"काका, हे आमचे खोके आहेत."

"मी कुठे नाही म्हणतो? तीन वर्षांनी ताबा मिळणार, तेव्हा तुम्हालाच बोलावणार आहे. त्या वेळी खोक्यांचे पैसे बिलातून वजा करा."

फोरमनने मालकाला फोन लावला. मालकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोडून दे रे. आमच्या दादांनी घरी गोडाऊनमधले शंभर ठेवलेत."