उणे वीस अंशांतले विसण

मोटारीतील स्वयंचलित हवामान-नियंत्रण, म्हणजे माणसाने तपमानाचा एक आकडा ठरवून द्यावा आणि पंख्याचा वेग, हवेची दिशा व तिची ऊब हे पुढचे सारे यंत्राने आपल्या अकलेने सांभाळावे अशी व्यवस्था, ही एरवी इतकी निमूटपणे काम करते की ती गाडीत आहे हेच मालकाच्या ध्यानात राहत नाही. तिची खरी ओळख पटते ती रात्रभर उघड्यावर गारठलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर, आणि त्या ओळखीचा पहिला टप्पा बहुधा अपशब्दांचा असतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, जिथे जानेवारीच्या पहाटे पारा उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरला तरी शेजारीपाजारी त्याची बातमी करीत नाहीत, ही ओळख वाढवायला भरपूर वाव मिळतो.

त्या पहाटे होते ते असे की काहीच होत नाही. पडद्यावर ७२ हा आकडा (फॅरनहाइटमध्ये, म्हणजे आपले सुमारे २२ अंश) ठसठशीत दिसत असतो, इंजिन कण्हत का होईना चालू असते, आणि ज्याने गरम हवा फेकायची तो ब्लोअर एक तर गप्प असतो किंवा समोरच्या काचेवर उसासा टाकावा इतपतच वारा सोडतो. मालकाला हा बिघाड वाटतो. वस्तुतः हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. गाडीतील उष्णता इंजिनातून येते आणि ती वाहून आणणाऱ्या द्रवाला, म्हणजे पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांच्या मिश्रणाला, शीतक असे नाव आहे. ज्याच्या जिवावर माणसे हिवाळ्यात तगतात त्याचे बारसे उन्हाळ्यात झाले असावे. हे शीतक डॅशबोर्डमागे दडवलेल्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरते, ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो, आणि ती तापून माणसापर्यंत पोहोचते. मात्र गारठलेल्या इंजिनातले शीतकही गारठलेलेच असल्यामुळे, ते साधारण ४० ते ५० अंशांपर्यंत तापेतोवर (नेमका आकडा गाडीगणिक बदलतो) नियंत्रक ब्लोअरला आवरून धरतो, कारण तोपर्यंत पंखा जोरात लावणे म्हणजे उणे २० अंशांचे वारे प्रवाशांच्या गुडघ्यांवर सोडणे होय. थोडी ऊब आली की ती आधी काचेला मिळते, कारण श्वासातली वाफ काचेवर गोठली तर रस्ताच दिसणार नाही. पायांची पाळी नंतर येते.

प्रस्तुत लेखकाने पुण्यात यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेतलेली असून ती काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावलेली आहे, आणि गाडीसोबत आलेली माहितीपुस्तिका प्लॅस्टिकच्या वेष्टनात, अद्याप न उघडलेल्या अवस्थेत, हातमोज्यांच्या कप्प्यात पडून आहे. या दोन वस्तूंमध्ये कार्यकारणसंबंध आहे. पुस्तिका वाचणे हे इतरांचे काम, आपल्याला तत्त्व ठाऊक आहे, अशी त्याची धारणा. त्या तत्त्वानुसार तो तपमानाचे बटण वर वर दाबत नेतो, तेव्हा आकडे संपून शेवटी पडद्यावर ‘हाय’ अशी अक्षरे उमटतात, जी इंग्रजीत ‘सर्वोच्च’ या अर्थी असली तरी त्या क्षणी मराठीत वाचणेच अधिक प्रशस्त. याचा उपयोग शून्य. ७२ म्हटले काय आणि ‘हाय’ म्हटले काय, गार हवेची वाट झडपेने आधीच पूर्ण बंद केलेली असते; देणाऱ्याकडेच काही नसेल तर मागण्याचा आकडा वाढवून हाती काय पडणार? मग तो ब्लोअर हाताने पूर्ण वेगावर नेतो. याचा परिणाम मात्र होतो आणि तो उलटा होतो: शीतकाने नुकती कुठे गोळा केलेली उष्णता हवा ओरबाडून नेते, इंजिनाचे तापणे रेंगाळते, आणि शेजारच्या आसनावरील पत्नी काही न बोलता मफलर नाकावर ओढून घेते.

या साऱ्या प्रकाराचे शास्त्र इतक्या खटाटोपाने समजून घेण्याचे खरे तर कारण नव्हते, कारण ते महाराष्ट्राच्या न्हाणीघरात पूर्वीच सिद्ध झालेले आहे. तांब्याचा बंब म्हणजे मूलतः एक इंजिन होय. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी आणि जाळीवर विस्तव, नळीभोवती पाण्याचे पोट, वर झाकण, बाजूला तोटी. करवंट्या, ढलप्या, गोवऱ्या, चिपाडे, जे हाती लागेल ते इंधन या यंत्राला चालते, आणि एवढे बहुइंधनी इंजिन मोटारींच्या कारखान्यांना अजून साधलेले नाही. त्याचे बाह्यांग चिंचेने घासून लखलखीत ठेवण्याची प्रथा होती, जी मोटारीच्या बाबतीत मालक रविवारी पाळतात. बंबाचे नियम दोन. पहिला, जेवढे गरम पाणी काढाल तेवढे गार पाणी वरून ओता, कारण पाणी उतरून नळी कोरडी पडली की डाख सुटतो आणि बंब गळू लागतो. दुसरा, पाणी तापल्याशिवाय तोटीला हात लावू नये. घाईने एक बादली काढून तितकेच गार पाणी ओतणारा इसम स्वतः कोमट पाण्याने आंघोळ करतो आणि मागच्या चौघांनाही कोमटच ठेवतो. पूर्ण वेगाने ब्लोअर लावणाऱ्याचा गुन्हा तंतोतंत हाच आहे. दिवाळीच्या पहाटे, अंगाला तेल लावून रांगेत कुडकुडणाऱ्या मुलांसमोर बंबाची मालकीण जो पहारा देत असे, त्यालाच वाहन-अभियंते शीत-प्रारंभ प्रतिबंध म्हणतात, आणि त्यासाठी त्यांना वेतन मिळते.

साम्य येथेच संपत नाही. कढत पाण्यात सोसेल इतपत गार पाणी मिसळायचे, त्या गार पाण्याला मराठीत विसण असा स्वतंत्र शब्द आहे, आणि हवामान-नियंत्रणाचे निम्मे रहस्य त्या एका शब्दात मावते: डॅशबोर्डच्या पोटातील मिश्रण-झडप गरम हवेत गार हवेचे विसण घालते, एवढेच. फरक असा की न्हाणीघरात विसण बेताचे झाले की नाही हे हाताचे कोपर सांगते, गाडीत ते काम संवेदकांकडे असते. एक संवेदक आतली हवा चाखतो, एक बाहेरची, एक शीतकाची ऊब. आणखी एक, डॅशबोर्डवरचा काळा टिकलीवजा घुमट, ऊन किती आहे ते मोजतो. लेखकाने नेमक्या या घुमटावर, जागा सपाट आणि दर्शनी आहे म्हणून, गणपतीची मूर्ती बसवलेली होती, त्यामुळे लख्ख उन्हातही गाडीची समजूत आभाळ भरून आल्याची होत असे. मूर्ती आता दोन इंच डावीकडे सरकली आहे. हा शोध गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेला होता, असे नंतर कळले.

अशी व्यवस्था फार नवी नाही. १९३८ साली नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा आत घेऊन तापवणारी व्यवस्था आणली, जी पुढे ‘वेदर आय’ या नावाने ओळखली गेली, आणि १९६४ च्या कॅडिलॅकमध्ये ‘कम्फर्ट कंट्रोल’ या नावाने तपमान एकदा ठरवा आणि विसरा ही सोय आली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तर बंबच उरलेला नाही. तिथे उष्णता विजेच्या हीटरने किंवा हीट पंपाने मिळवावी लागते, ती लवकर मिळते, पण तिचा खर्च थेट बॅटरीच्या शिध्यातून जातो. इंजिनाच्या गाड्या बाळगणारे उत्तरेकडच्या थंड गावांतले अनेक जण मात्र रात्री इंजिनाचा हीटर भिंतीतल्या विजेला जोडून ठेवतात, आणि नाकातून वायर लोंबणारी ती गाडी दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखी सकाळपर्यंत उबदार राहते.

तक्रार यंत्राच्या निर्णयाविरुद्ध नाहीच. तक्रार त्याच्या मौनाविरुद्ध आहे. ज्या पडद्यावर गाणाऱ्याचे नाव, चाकांतील हवेचा दाब आणि मागच्या दाराची खबर येते, त्याच पडद्यावर ‘पाणी अजून तापलेले नाही, थांबावे’ एवढे पाच शब्द कोणी लिहिले असते, तर असंख्य सुशिक्षित माणसे स्वतःच्या गाडीची बटणे वेड्यासारखी दाबण्यापासून वाचली असती. यंत्राला कारण ठाऊक असते, ते बरोबर असते, आणि तरीही यंत्र ते समोरच्याला सांगण्याच्या लायकीचे समजत नाही. हा अपमान थंडीपेक्षा झोंबतो. बंबाची मालकीण निदान ओरडत असे.

लेखकाच्या मातोश्री साताऱ्याहून सहसा उन्हाळ्यातच येत, पण नातीने जन्मासाठी जानेवारी निवडल्यामुळे एका हिवाळ्यात त्यांनाही त्या गाडीत बसावे लागले. मुलगा ‘हाय’पर्यंत पोहोचून ब्लोअरकडे वळत असताना त्यांनी हातमोजा काढून हवेच्या झरोक्यासमोर तळवा धरला, क्षणभर अंदाज घेतला आणि म्हणाल्या, “अरे, पाणी कुठं तापलंय अजून? बंद कर ते.” पंखा बंद झाला. बंबाच्या काळात घरात सर्वांच्या आधी, साडेचारला, उठून बंब पेटवणारी आणि सर्वांच्या नंतर, उरलेल्या कोमट पाण्यात, आंघोळ उरकणारी व्यक्ती एकच होती. तिच्या वाट्याला कढत पाणी किती वेळा आले असेल याचा हिशेब घरात कोणी ठेवला नव्हता, आणि पदवीधारकाला तो प्रश्न प्रथम सुचला तो मिनेसोटात, गोठलेल्या काचेकडे पाहताना. विचारण्याइतके धैर्य मात्र त्याला झाले नाही. दहाएक मिनिटांनी, गाडी हमरस्त्याला लागल्यावर, ब्लोअर आपणहून खाकरला आणि पायांशी ऊब आली.

तेव्हापासून लेखक सकाळी हात मांडीवर ठेवून बसतो आणि यंत्राला त्याचे काम करू देतो. पत्नीचे लक्ष खिडकीबाहेर असेल, तर तेवढ्यात ७२ चे ७३ करतो.