तराजूकाका

रविवारी दुपारी बेल वाजली आणि आलेल्या माणसानं चपला काढून थेट बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला, तर धाकटे साडू आले असं समजावं. बादली भरेपर्यंत ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहतात. मग बाहेर येतात, खिशातून पेन काढतात आणि विचारतात, "साडूभाऊ, मागच्या खेपेपेक्षा अकरा सेकंद जास्त लागले. पाण्याचा दाब कमी झालाय का हो तुमच्याकडे?"

त्यानंतर 'कसे आहात'.

आमच्या सासऱ्यांना तीन मुली. थोरली मला दिली, मी डोंबिवलीचा. मधली बदलापूरला पडली. धाकटी लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत. ही भौगोलिक विभागणी सासऱ्यांनी सहज केली असेल, पण तिच्यामुळे धाकट्या साडूंच्या आयुष्याला काम मिळालं. डोंबिवलीत घर घ्यावं की बदलापूरला, हा प्रश्न त्यांना १९९९च्या गुढीपाडव्याला पडला. तारीख पक्की आठवते, कारण डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा निघाली ती त्याच वर्षी पहिल्यांदा. आमच्याकडे श्रीखंडाला आले होते. लेझीम, नऊवारीतल्या बायका, फेटे बघून तीन वर्षांच्या पोराला खांद्यावर घेत म्हणाले, "वस्ती घरगुती आहे. संसारी माणसाला बरी." मी मनात पेढे वाटले. संध्याकाळी ते बदलापूरच्या साडूंकडे गेले, तिथे गच्चीवरून डोंगर दिसला, आणि पेढे परत घ्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लांबोडकी हिशेबाची वही आणली. मधोमध रेघ मारली. डावीकडे 'डों', उजवीकडे 'ब'. नोकरी बँकेत, तीही हिशेब तपासणीच्या खात्यात, त्यामुळे रेघ सरळ आली. आमची मुलं त्यांना तेव्हापासून तराजूकाका म्हणतात. त्यांना हे माहीत आहे, आणि मला वाटतं आवडतंही.

मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकतो. डोंबिवलीकर निःपक्षपाती असूच शकत नाही. रोज लोकलमध्ये स्वतःची जागा धरून ठेवायची सवय झालेली असते. मी माझ्या गावाची बाजू मांडायचो. शाळा चालत जाण्याजोग्या. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे सगळं गाव नटूनथटून उभं असतं. हे मी सांगितलं तेव्हा साडूंनी लिहून घेतलं: 'मुलाचं लग्न परस्पर जमण्याची शक्यता. खर्चात बचत.' २०१७ साली ९०वं मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं, तेव्हा मी त्यांना मुद्दाम बोलावलं. तीन दिवसांत एक पुस्तक विकत घेतलं नाही, एक परिसंवाद ऐकला नाही. स्टेशनपासून मांडवापर्यंत चालत, रिक्षानं आणि बसनं किती वेळ लागतो याची तीन निरनिराळी उत्तरं मात्र घेऊन गेले.

बदलापूरचे मधले साडू गप्प बसणारे नाहीत. माणूसच मोकळ्या हवेचा. पावसाळ्यात कोंडेश्वरच्या धबधब्यावर न्यायचं, जूनमध्ये जांभळांचा द्रोण पुढे करायचा. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना असा फोन केला, की जणू घरातलं पोर बोर्डात आलं. शिवाय त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य आहे: "बारवी धरण आमच्याकडे, आणि त्याचं पाणी पितात तुमच्या एमआयडीसीतले लोक. आता सांगा, कोण कुणाच्या जिवावर जगतंय?" यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

खरी लढाई झाली ती गणपतीत, आमच्या हॉलमध्ये, अंतरावरून. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर, बदलापूर ६८. धाकट्या साडूंनी उकडीचा मोदक बाजूला ठेवून हिशेब मांडला. जायचे २० जास्त, यायचे २०, दिवसाला ४०. वर्षाला ३०० दिवस धरले तर बारा हजार. तीस वर्षं नोकरी, म्हणजे तीन लाख साठ हजार किलोमीटर. "चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांवर आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "बदलापूरचा माणूस डोंबिवलीकरापेक्षा जवळजवळ चंद्राइतका जास्त प्रवास करतो."

मी विजयी मुद्रेनं मधल्या साडूंकडे पाहिलं. ते शांतपणे तूप वाढून घेत होते.

"हो," ते म्हणाले, "पण बसून. बदलापूरला गाडी सुटते, तिथे खिडकीशी बसायचं, पेपर वाचायचा, एक झोप काढायची. तुमचा डोंबिवलीकर अठ्ठेचाळीस किलोमीटर एका पायावर येतो. दुसरा पाय कुठाय हे त्याला भायखळ्याला कळतं. बसायला मिळावं म्हणून उलटा कल्याणला जाऊन परत फिरणारे किती आहेत, ते सांगा बघू!"

किती आहेत ते मला माहीत होतं. मी त्यातलाच एक.

धाकट्या साडूंनी दोन्ही रकान्यांत काहीतरी लिहिलं आणि मोदक संपवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते घराची किल्ली हातात आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरसुद्धा मी पाहिलेलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की या गृहस्थांना घर नकोच आहे. एकदा घर घेतलं, की माणूस त्या घराचा होतो, गळक्या भिंतीचा आणि सोसायटीच्या सभेचा होतो. घर घ्यायचं आहे म्हटलं, की दोन गावं तुमच्यासमोर हात जोडून उभी. दोन साडू पंगतीला बसवतात. बिल्डरची माणसं सरबत देतात.

सरबताचंही एक शास्त्र त्यांनी तयार केलं होतं. साइट ऑफिसात शिरलं की आधी विचारायचं, 'कार्पेट किती?' समोरचा म्हणतो, 'सुपर बिल्टअप सहाशे.' मग नुसतं हसायचं. त्या हसण्यानंतर सरबताचा चहा होतो आणि चहाबरोबर बिस्किटं येतात. सॅम्पल फ्लॅटमधल्या पलंगावर ते आडवे होऊन पाहतात, कारण तिथले पलंग मुद्दाम आखूड बनवून घेतात आणि त्यामुळे खोली मोठी दिसते असा त्यांचा ठाम आरोप. जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' असेल, तर घड्याळ लावून स्वतः चालायचं. आजवरचा नीचांक अकरा मिनिटं, तोही उतारावरून. बदलापूर पूर्वेला एका ऑफिसात सतरा वर्षांपूर्वी जो पोरगा त्यांना माहितीपत्रक द्यायचा, तो आज तिथला मोठा साहेब आहे. साडू गेले की अजून उठून उभा राहतो. म्हणतो, "काका, तुमच्यामुळे मी कार्पेट एरिया शिकलो."

निर्णय अगदी ओठांवर आला, असं दोन-तीनदा झालं. २००५च्या जुलैत बदलापूरला टोकनचा चेक लिहून तयार होता. २६ तारखेला पाऊस पडला, उल्हास नदी गावात आली, चेक पाकिटात राहिला. मग वळले डोंबिवलीकडे. सावकाश, जपून, नऊ-दहा वर्षं घेऊन वळले. तेवढ्यात आमच्याकडे हिरवा पाऊस पडल्याची बातमी आली. बदलापूरचं पुन्हा मनात घेतलं, तर २०१९च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात उभी राहिली. एवढे प्रवासी सुखरूप बाहेर काढले याचं सगळ्यांना कौतुक. यांनी वहीत लिहिलं: 'गाडी बुडते.' पुढच्याच वर्षी डोंबिवलीच्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाल्याचे फोटो आले. साडूंचा फोन आला. आवाजात काळजी होती, पण काळजीखाली आनंदही होता. "साडूभाऊ, हिरवा झाला, गुलाबी झाला. तिसरा रंग कुठला येतोय तो बघून ठरवू."

एकदा कुणीतरी सुचवलं, मधलं अंबरनाथ घ्या की! हजार वर्षांचं जुनं शिवमंदिर आहे, दोन्ही साडू जवळ. साडू चार दिवस त्या माणसाशी बोलले नाहीत. वहीत रेघ एकच होती.

वर्तमानातले रकाने भरले, तसा त्यांनी भविष्यकाळ उघडला. बदलापूरपर्यंत येऊ घातलेली मेट्रो, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, चिखलोलीचं होऊ घातलेलं स्टेशन. इकडे कल्याण-तळोजा मेट्रो, माणकोलीचा पूल. पूल २०२४मध्ये खरंच सुरू झाला, तेव्हा ते थोडे नाराज दिसले. झालेल्या गोष्टीत तोलायला काही उरत नाही. वहीत एक ओळ मात्र मी चोरून वाचली आहे. पहिल्या पानावर 'बालवाडीचं अंतर' असं होतं. ते खोडून 'हायस्कूल', ते खोडून 'कॉलेज', आणि आता बारीक अक्षरात 'नातवाची बालवाडी'. मुलगा हिंजवडीला नोकरी करतो. त्याचं लग्न व्हायचंय. फडके रोडचा उपयोग झाला नाही.

आणि धाकटी? तिला एकदा माझ्या बायकोनं विचारलं, "तुला कुठे हवंय गं?" ती खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, मला एक खिडकी हवी, ओट्यासमोर. पोळ्या करताना बाहेर बघता आलं पाहिजे. कुठल्या स्टेशनची का असेना." हे मी साडूंना सांगितलं. त्यांनी वही उघडली, पानं चाळली आणि थोडे ओशाळले. ओट्यासमोरच्या खिडकीचा रकाना नव्हता.

तीन वर्षांपूर्वी चाळ पुनर्विकासाला गेली. टॉवर होईपर्यंत बिल्डर भाडं देणार, खोली महिन्याभरात रिकामी करायची. आता पळवाट नव्हती. आम्ही दोघे साडू श्वास रोखून बसलो. साडूंनी एका रविवारी दोघांना दादरला कॅन्टीनमध्ये बोलावलं, चहा स्वतः मागवला (हे प्रथमच) आणि करारनाम्याचा कागद पुढे ठेवला. भाड्याचा करार असतो अकरा महिन्यांचा. त्यांना जे पंचवीस वर्षांत सुचलं नव्हतं, ते सरकारी छापील नमुन्यानं सुचवलं होतं. अकरा महिने डोंबिवली, अकरा महिने बदलापूर.

पहिले अकरा महिने ते आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर होते. रोज संध्याकाळी वर येऊन बदलापूरच्या हवेचं वर्णन करायचे. तिथे हवा कशी हलकी, जांभळं कशी टपोरी. सामान हललं, ते बदलापूरला गेले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना डोंबिवलीची भाजी आठवायला लागली. मधल्या साडूंचा रात्री साडेदहाला दबक्या आवाजात फोन आला, "तुमच्याकडची गवार इतकी का कोवळी असते हो? गेला तासभर ऐकतोय."

आता तिसरा करार चालू आहे, पुन्हा आमच्या खाली. लोखंडी कपाट मात्र पहिल्या खेपेपासून आमच्या गॅलरीतच आहे. दर अकरा महिन्यांनी ते जिन्यावरून कोण चढवणार? धाकटीनं या वेळी घर स्वतः पाहिलं. ओट्यासमोर खिडकी आहे, खिडकीतून फणसाचं झाड दिसतं, आणि ती आता कुठेही जायचं नाव काढत नाही. परवा साडू वर आले, नळ सोडला नाही, खुर्चीत बसून राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "साडूभाऊ, ती म्हणते, करार वाढवा."

"मग?"

"बघतो," ते म्हणाले, आणि वही उघडून त्यांनी एका कोऱ्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'डों. पूर्व'.