कोटाला खिसा

कॅटचा निकाल लागला, पुतणीला मुंबईतल्या एका व्यवस्थापन संस्थेचं मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्या दिवसापासून आमच्या डोंबिवलीच्या घरात एकच प्रश्न घोंगावू लागला: ही घालणार काय?

प्रश्न तसे आणखीही होते. एमबीएच का करायचंय? इंजिनियर होऊन तीन वर्षं काय केलंत? रेपो दर वाढला की घरकर्जाचं काय होतं? पण यातल्या एकाचंही उत्तर घरात कुणाला येत नव्हतं. दादाने वीस वर्षं घरकर्ज फेडलं, तरी रेपो हा शब्द दिसला की तो पेपरचं पान उलटतो. कपड्यांचं तसं नाही. कपड्यांवर आजीपासून खालच्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांची मतं तयार होती, शिवाय फुकट होती.

बोलावण्याच्या पत्रात कपड्यांबद्दल दोनच शब्द होते: 'फॉर्मल पोशाख'. त्या दोन शब्दांवर क्लासने भाष्य लिहून छापील कागद वाटला होता. मुलांसाठी चार ओळी. दाढी करा, टाय नीट बांधा, बुटांना पॉलिश करा, मोजे काळे घाला. पुढे मुलींसाठी दीड पान. त्यातलं काही मी वहीत उतरवून घेतलं. कानात काहीतरी असावं, पण लोंबू नये. टाच असावी, पण वाजू नये. केस बांधलेले असावेत, पण बांधल्यासारखे दिसू नयेत. मेकअप केलाय असं वाटू नये आणि केलेला नाही असंही वाटू नये. लाल रंग आक्रमक, काळा उदास, पांढरा रुग्णालयाचा, गुलाबी बालिश. शेवटी ठळक अक्षरांत: 'स्वतःचं व्यक्तिमत्त्व व्यक्त होऊ द्या.' ते नेमकं कुठल्या रंगात, हे मात्र दिलेलं नव्हतं.

रविवारी घरात बैठक बसली. क्लासच्या एका सरांचं म्हणणं, ब्लेझर आणि पँट. दुसऱ्या सरांचं म्हणणं, साडी. साडीत मुलगी परिपक्व दिसते. वहिनीला सलवार-कमीज सुटसुटीत वाटत होता. आत्याने नाशिकहून फोनवर सांगितलं, की तिच्या ओळखीची एक मुलगी सलवार-कमीजमुळेच राहिली. त्या मुलीला परीक्षेत किती पर्सेंटाइल होते असं मी विचारलं, तर फोनला रेंज नव्हती. आजीने आपली पैठणी देऊ केली. "पैठणी नेसून गेली तर ते मुलगी बघायला बसलेत असं वाटेल," वहिनी म्हणाली. "मग दुसरं काय करतायत?" आजी म्हणाली. "मलाही बासष्ट साली असंच बसवलं होतं. तेव्हा हातात पोह्यांच्या बश्या होत्या, आता फाइल आहे."

मीही शिकलेला माणूस असल्यामुळे मधे इतिहास घातला. 1885 सालचा एक फोटो आहे, म्हटलं. फिलाडेल्फियाच्या वुमेन्स मेडिकल कॉलेजातला. शेजारच्या कल्याणात वाढलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात ताठ बसल्यात, आणि तिघीही पुढे डॉक्टर झाल्या. आनंदीबाई तर दुसऱ्याच वर्षी, साडीतच. माझा मुद्दा सगळ्यांना पटला असं मला क्षणभर वाटलं. मग वहिनी म्हणाली, "अहो भावजी, त्यांना पत्रावर प्रवेश मिळाला होता. मुलाखत कुठे द्यावी लागली?"

खरंय. टपालाने जाणाऱ्या मुलीला काय घालू हा प्रश्न पडत नाही.

आधी ब्लेझरचा प्रयोग झाला. पुतणी आणि मी मॉलमध्ये गेलो. पँट छान बसली. तिने सवयीने खिशात हात घालायला घेतला आणि बोटं कापडावर आपटून परत आली. वर खिशाची पट्टी, पट्टीखाली शिलाई, शिलाईखाली काही नाही. ब्लेझरलाही तेच. "हे उसवता येईल का?" मी विक्रेत्या पोराला विचारलं. "नाही काका, आत खिसाच नाहीये. लेडीजमध्ये फिटिंग बिघडतं ना." शेजारच्या पुरुषांच्या विभागात मी एक कोट उचलून मोजलं: बाहेर तीन, आत तीन. त्या कोटात एक पेन, एक मोबाइल, एक ओळखपत्र आणि एक सामान्य उमेदवार आरामात मावला असता. पुतणीने हे सगळं पर्समध्ये ठेवावं, तर क्लासच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं: पर्स आत नेऊ नये.

याच सुमारास आत्याच्या धाकटीची नीटची तयारी चालू होती. तिथला कायदा वेगळा. पूर्ण बाह्या नकोत, बूट नकोत, कमी टाचेची चप्पल हवी, अंगावर धातू नको. म्हणजे एकाच घराण्यात एकीने बूट काढले तरच तिला डॉक्टर होता येणार आणि दुसरीने घातले तरच तिला मॅनेजर. चप्पल-बुटांचं हसण्यावारी नेता येतं. पण 2022 च्या जुलैमध्ये केरळातल्या कोल्लम जिल्ह्यातल्या एका नीट केंद्रावर मुलींना हुकांच्या धातूपायी अंतर्वस्त्रं काढून पेपरला बसायला लावलं होतं. पुढे त्यांची परीक्षा पुन्हा घेतली. जीवशास्त्राचा पेपर सोडवायला आलेल्या मुलीकडे केंद्राने पहिल्यांदा काय पाहिलं, ते मात्र पुन्हा घेता आलं नाही.

असो. आमच्या इथे अखेर बहुमताने साडी ठरली. निळी, सुती, कडक खळ केलेली. निळ्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता, हीच त्याची गुणवत्ता. पुढचे चार दिवस घरात तालीम चालली. खुर्चीत बस, ऊठ, पुन्हा बस, पदर सावर, पण सावरताना दिसू नको. रेपो दराची तालीम कुणी घेतली नाही. माझ्यासकट.

मुलाखतीच्या दिवशी ती सकाळच्या फास्ट लोकलने निघाली. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणं हीच एक प्रवेशपरीक्षा, आणि तिथे मुलींना वाढीव गुण नाहीत. पुढचं तिने मला संध्याकाळी सांगितलं. चढतानाच निऱ्यांवर कुणाचा तरी पाय पडला आणि दिव्याला त्या सगळ्या हातात आल्या. चार दिवसांची तालीम, दीड पानाचा कागद आणि घराचं बहुमत, सगळं मुठीत धरून ती लेडीज डब्यात उभी. तेवढ्यात शेजारच्या पन्नाशीच्या बाईंनी आपल्या बांगडीत अडकवलेल्या चार सेफ्टी पिनांतली एक काढली, तोंडात धरली आणि त्या गर्दीत, एका हाताने वरची कडी पकडून, दुसऱ्या हाताने निऱ्या एकेक करून लावून दिल्या.

पिन तोंडातून काढल्यावर त्यांनी विचारलं, "इंटरव्ह्यू का? कशाचा?"

"एमबीएचा."

"मग रेपो रेट विचारतील. झालाय का?"

बाई बँकेत होत्या. मुलुंड ते दादर त्यांनी तिच्याकडून रेपो, रिव्हर्स रेपो आणि महागाई घोटून घेतली. मधे एकदा ती पदर सावरायला लागली, तर म्हणाल्या, "ते मी बघते. तू बोल."

पूर्ण महिन्याभरात मुलाखतीत काय बोलणार हे तिला विचारणारं ते पहिलं माणूस.

पॅनेलवर तिघं होते. एका सरांच्या हाफ स्वेटरची बटणं एक घर चुकून लागली होती. मॅडम सलवार-कमीजवर स्पोर्ट शूज घालून आल्या होत्या. तिसऱ्यांचे पाय टेबलाखाली असल्यामुळे मोज्यांचा रंग कळला नाही. त्यांनी विचारलं, बारा डब्यांची लोकल पंधरा डब्यांची करावी की फेऱ्या वाढवाव्यात? ती त्याच लोकलमधून उतरून आली होती. वीस मिनिटं बोलली. प्लॅटफॉर्मची लांबी, सिग्नलमधलं अंतर, आणि दोन्हींपैकी काहीही केलं तरी लेडीज डबे किती वाढणार, हा तिचा उलटप्रश्न. रेपो त्यांनी विचारलाच नाही, याचं मात्र तिला त्या बाईंसाठी वाईट वाटलं.

घरी आल्यावर दारातच वहिनीने विचारलं, "साडी चुरगळली नव्हती ना? काय म्हणाले बघून?"

निवड झाली. आजी म्हणाली, निळा रंग लाभला. आत्याने नाशिकहून कळवलं, की साडीचं तिनेच सुचवलं होतं. पुतणीने ती पिन आता फाइलच्या आतल्या बाजूला लावून ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात डोंबिवली पूर्वेला स्टेशनबाहेर क्लासचा फ्लेक्स लागला. यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो, त्यात आमची पुतणी. काळ्या ब्लेझरमध्ये. तिने असा ब्लेझर कधी घातलेलाच नाही; क्लासने तिचा चेहरा साडीतल्या फोटोवरून कापून तयार कोटावर चिकटवला होता, आणि सगळ्या मुलामुलींना तोच कोट. मी चष्मा सारखा करून फ्लेक्सच्या अगदी जवळ गेलो. बटणं पुरुषांच्या बाजूला होती, आणि छातीवर खिसा होता. खरा. वरून पेनाचं टोपण दिसत होतं.