परदेशी तज्ज्ञ

चीनमध्ये नोकरीवर रुजू झालो तेव्हा तिथल्या सरकारने मला पासपोर्टाएवढी एक पुस्तिका दिली. आत माझा फोटो, फोटोवर शिक्का आणि माझा दर्जा : परदेशी तज्ज्ञ. सोलापुरात मला मंडईत धाडताना घरचे 'मेथी आणि शेपूत गल्लत करू नकोस' असं बजावून धाडत. त्या माणसाला एवढ्या मोठ्या देशाने तज्ज्ञ ठरवलं म्हटल्यावर छाती दोन इंच फुगली. कशातला तज्ज्ञ, ते मात्र पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढचा सगळा घोळ त्या रिकाम्या जागेतून निघाला.

गाव शिजियाझुआंग, हबेई प्रांताची राजधानी. नावाचा अर्थ शी घराण्याचं खेडं, म्हणजे आपल्याकडची पाटीलवाडीच म्हणा. रेल्वे आली, फाटे फुटले आणि वाडीचं अवाढव्य शहर झालं. २०१२ सालच्या त्या हिवाळ्यात हवेत इतका धूर असायचा की समोरून येणारा माणूस आधी खोकल्यावरून ओळखायचा आणि मग चेहऱ्यावरून. मी तिथल्या एका कॉलेजात इंग्रजी संभाषण शिकवत असे. जागा खरी एका अमेरिकन मास्तरांची. ते ऐन वेळी आलेच नाहीत, आणि गठ्ठ्यात त्यांच्या खालचा अर्ज माझा होता.

सोलापूर या शब्दाला शिजियाझुआंगमध्ये जे वजन आहे ते पुण्यातही नाही. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, याच हबेई प्रांतात वारले. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे, पुतळा आहे. चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणतात. आमच्या इमारतीचे पहारेकरी सत्तरीला टेकलेले होते. तिकडे अशा वडीलधाऱ्यांना 'दाये' म्हणायचं. मी के दिहुआंच्या गावचा आहे हे कळल्यावर दाये खुर्चीतून उठून उभे राहिले. तरुणपणी त्यांनी राज कपूरचा 'आवारा'ही पाहिला होता, त्यामुळे माझ्या खात्यावर काहीही न करता दोन पुण्यं जमा झाली.

त्या वर्षी कोटणिसांच्या मृत्यूला सत्तर वर्षं होत होती. मी फुलं घेऊन गेलो. पुतळ्यासमोर उभा राहून हिशेब केला : बत्तिसाव्या वर्षापर्यंत या माणसाने शेकडो जखमी सैनिक वाचवले होते, चिनी भाषा शिकली होती, चिनी मुलीशी लग्न केलं होतं, मुलाचं नाव भारत आणि चीन जोडून ठेवलं होतं. त्या वयात मी टायपिंगच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसलो होतो. मान खाली घालून परत आलो, तर विभागप्रमुख वाट बघत उभे. त्यांना सगळे 'झूरन' म्हणत, म्हणजे आपले 'साहेब'.

"लाओशी," झूरन म्हणाले, "चोवीस तारखेला ख्रिसमसचा कार्यक्रम. सगळं तुम्ही बघायचं. तुम्ही परदेशी तज्ज्ञ."

'लाओशी' म्हणजे गुरुजी. मी म्हणालो, "साहेब, मी ख्रिस्ती नाही."

"आम्हीपण नाही," ते अगदी समजूतदारपणे म्हणाले. विषय संपला.

नाताळाचं माझं सगळं ज्ञान एका ताटात मावण्याजोगं होतं, आणि ते ताट शेजारून यायचं. शेजारच्या बाई मिशनच्या शाळेत शिकवायच्या. दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे ताट, नाताळाला त्यांच्याकडून आमच्याकडे. केक, चकल्या आणि करंज्या. आपण किती करंज्या दिल्या होत्या आणि किती आल्या, हे दोन्ही घरच्या बायका मनातल्या मनात मोजत. विद्यार्थ्यांनी विचारलं, लाओशी, तुमच्याकडे ख्रिसमसला काय म्हणतात? मी फळ्यावर 'नाताळ' लिहिलं आणि हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असं सांगितलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. तज्ज्ञपणाची सुरुवात तर बरी झाली.

तयारीला मुलं जोरात लागली. वर्गात सगळ्यांनी आपापली इंग्रजी नावं स्वतःच ठेवलेली. एक ऍपल होती, एक रेनी होती आणि एका मुलाने 'सेव्हन' हा आकडाच घेतला होता. सामानाची अडचण नव्हती. जगभरच्या नाताळाच्या सजावटीचा फार मोठा हिस्सा चच्यांग प्रांतातल्या यीवू या एका गावातून निघतो. सोलापूरच्या नवी पेठेत टांगलेली चांदणीही बहुधा तिथलीच. पुठ्ठ्याचा मोठा सांताक्लॉज आला. त्याच्या हातात सॅक्सोफोन होता.

हा सॅक्सोफोन मी चीनमध्ये दारोदार पाहिला. दुकानाच्या काचेवर, हॉटेलच्या दारात, न्हाव्याकडे, सगळीकडे सांता डोळे मिटून सॅक्सोफोन वाजवतोय. कुणी, कधी, का दिला त्याच्या हातात? मी विचारलं तर मुलंच चकित झाली. "लाओशी, मग तुमच्याकडे तो काय वाजवतो?" आपल्या विठोबाच्या हातात गिटार देऊन वर कुणी 'मग तुमचा काय वाजवतो' विचारावं, तसं झालं. मी म्हणालो, आमच्याकडे तो काहीच वाजवत नाही, नुसता हसतो. मुलांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की भारतातला सांता बेकार आहे.

सामानाबरोबर गोठ्याचा देखावाही आला होता. मेरी, जोसेफ, मेंढपाळ, गाय, गाढव, दोन मेंढ्या आणि अंगठ्याएवढा बाळ येशू. मी तो सभागृहातल्या टेबलावर मांडला आणि बाळाला गव्हाणीत निजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर गव्हाणी रिकामी. शोधाशोध केली तेव्हा बाळ खडूंच्या डब्यात सापडलं. पुन्हा निजवलं. पुढच्या सकाळी पुन्हा खडूंच्या डब्यात. असं आठवडाभर चाललं. माझा संशय सेव्हनवर होता, कारण मागच्या बाकावर बसणाऱ्यांवर संशय घ्यायचा, हे तरी मी सोलापुरातून शिकून गेलो होतो.

सभागृह झाडायला एक मावशी येत. तिकडे अशा बाईंना 'आयी' म्हणतात. हा शब्द मला फार आवडायचा. मी हाक मारली की मलाच घरी असल्यासारखं वाटायचं. पन्नाशीच्या, जवळच्या खेड्यातल्या, कमी बोलणाऱ्या. मी त्यांना म्हटलं, "आयी, कुणीतरी बाळ पळवतंय, जरा लक्ष ठेवा." त्या "बरं" म्हणाल्या आणि झाडत राहिल्या.

मध्ये एकवीस तारीख आली. त्या दिवशी जग बुडणार अशी जगभर आवई होती, पण शिजियाझुआंगला काळजी वेगळी होती. तो 'दोंगझ', वर्षातला सर्वांत लहान दिवस, आणि त्या दिवशी ज्याओझी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, खाल्ल्या नाहीत तर थंडीने कान गळून पडतात अशी उत्तर चीनमध्ये समजूत आहे. झूरनांच्या घरी सगळे पीठ लाटायला बसले. ज्याओझीची पारी हातात घेतली, त्यात अंडं आणि पातीचं सारण भरलं आणि माझी बोटं आपोआप मुरड घालू लागली. लहानपणी दिवाळीत आईने बसवून शिकवलेली मुरड. पाटावर माझी ओळ तयार झाली तसं सगळं घर गोळा झालं. झूरनांच्या सासूबाईंनी एक ज्याओझी उचलून दिव्याखाली धरली, उलटसुलट करून पाहिली आणि काहीतरी म्हणाल्या. झूरनांनी भाषांतर केलं : "त्या म्हणतात, हा माणूस इंग्रजी का शिकवतो?"

मराठी मातीत जन्मून, गोव्याचे लोक नाताळाला ज्या नेवऱ्या करतात त्यांची चुलत बहीण मी चीनमध्ये बसून वळतोय, आणि तीही कान वाचवायला! त्या एका संध्याकाळी मी खराच कशातला तरी तज्ज्ञ होतो. तिथेच थांबायला हवं होतं.

चोवीस तारखेच्या रात्रीला चिनी भाषेत 'फिंगआन ये' म्हणतात, शांतीची रात्र. सफरचंद म्हणजे 'फिंगग्वो'. दोन्हीत 'फिंग' येतं, एवढ्या भांडवलावर त्या रात्री एकमेकांना सफरचंद द्यायची प्रथा तिथल्या तरुण पोरांनी अलीकडे पाडली आहे. रंगीत कागद, खोका, रिबीन, आत एकुलतं एक सफरचंद. सकाळी बाजारात गेलो तर कालपर्यंत किलोवर मिळणारं फळ आज नगावर चाललेलं, एक दहा युआनला. वर्गात मुलं तीस. माझ्यातला सोलापूरकर जागा झाला. शेजारच्या ढिगात टपोऱ्या नाशपाती होत्या. शिजियाझुआंगजवळच्या झाओ परगण्याची नाशपाती नावाजलेली, रसाने नुसती भरलेली, आणि सफरचंदाच्या मानाने मातीमोल. कागदात गुंडाळल्यावर कुणाला कळतंय? पस्तीस घेतल्या. रात्री लाल विजार, लाल डगला, कापसाची दाढी आणि सोनेरी कागद चिकटवलेला पुठ्ठ्याचा सॅक्सोफोन अशा थाटात मी सभागृहात शिरलो. झूरनांच्या पाच वर्षांच्या मुलीने मला निरखून पाहिलं आणि आईला मोठ्याने विचारलं, "सांता यिंदू रन आहे?" यिंदू रन म्हणजे भारतीय. सभागृह कोसळलं. गाणं म्हणा असा आग्रह झाला. मला नाताळाचं एकही गाणं धड येत नव्हतं, तेव्हा दायेंच्या फर्माइशीवरून 'आवारा'तलं शीर्षकगीत म्हटलं. दाये टाळ्या वाजवत माझ्याबरोबर गायले. कापूस तोंडात जात होता.

मग भेटी. पहिला खोका मी ऍपलला दिला, कारण पुढच्या महिन्यात तिचा साखरपुडा होता आणि तिचा होणारा नवरा शेजारीच बसला होता. म्हटलं, दोघांनी अर्धी अर्धी खा. तिने खोका उघडला. टाळ्या थांबल्या. होणारा नवरा छताकडे पाहू लागला.

झूरन मला बाजूला घेऊन गेले. नाशपाती म्हणजे 'ली', आणि 'ली' म्हणजेच ताटातूट. आणि ती वाटून खाणं म्हणजे 'फन ली', थेट वेगळं होणं. अख्ख्या वर्गाला, शांतीच्या रात्री, मी पस्तीस ताटातुटी रिबीन लावून आणल्या होत्या. मी काय बोलणार? आपल्या भाषेत तर त्या फळाच्या नावात आधी 'नाश' येतो आणि मागोमाग 'पती'. मला तर जन्मापासून इशारा मिळालेला होता.

वाचवलं आयींनी. त्या दाराशी उभ्या होत्या. पुढे आल्या, सगळ्या खोक्यांतून नाशपाती टोपलीत गोळा केल्या आणि म्हणाल्या, "कापायच्या नाहीत. खडीसाखर घालून अख्ख्या शिजवायच्या. खोकल्याला चांगल्या." या धुराच्या गावात खोकला कुणाला नव्हता? चहाच्या खोलीतल्या शेगडीवर मोठं पातेलं चढलं. आल्याचा तुकडाही पडला. तासाभरात सगळं सभागृह वाडगे घेऊन रांगेत उभं होतं, आणि ऍपलचा होणारा नवराही दुसऱ्यांदा मागायला आला.

नऊच्या सुमाराला मी दाढी ओरबाडत होतो, तेव्हा आयी कोट घालून आल्या. नवा कोट, केस नीट विंचरलेले. "लाओशी, निघते. शेवटची बस चुकेल."

"एवढ्या रात्री कुठे?"

"चर्चला. रात्रीची प्रार्थना असते."

हबेईत कितीतरी खेडी पिढ्यान् पिढ्या कॅथलिक आहेत, हे मी मागाहून वाचलं. त्या क्षणी मी फक्त तोंड उघडं टाकून उभा होतो. इतके दिवस आम्ही तीस-पस्तीस जणांनी मिळून एका सणाचा गोंधळ घातला, आणि ज्या एका व्यक्तीचा तो सण होता ती आमच्या पायांखालचा कचरा काढत होती.

"आयी, मग सांगितलं का नाहीत? आम्हाला यातलं काहीही कळत नव्हतं!"

त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. "तज्ज्ञ तुम्ही आहात ना, लाओशी."

मग त्या टेबलाजवळ गेल्या. मी सकाळीच परत निजवलेलं बाळ त्यांनी अलगद उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "अजून जन्म व्हायचाय. बारा वाजता ठेवा. मी तोवर तिकडे असेन."

इतकं शरमल्यासारखं मला कोटणिसांच्या पुतळ्यापुढेही झालं नव्हतं. रामनवमीला दुपारचे बारा वाजण्याआधी कुणी पाळण्यात राम ठेवतं का? आजीने पाठीत धपाटा घातला असता. आणि मी आठवडाभर रोज सकाळी, चांगला तज्ज्ञ असल्यासारखा, वेळेआधी जन्म लावून देत होतो. सेव्हनची मनातल्या मनात माफी मागितली.

अकराला इमारत बंद होते. मी दायेंना कारण सांगितलं. त्यांना बाळाचं काही कळलं नाही, पण के दिहुआंच्या गावचा माणूस म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी किल्ली काढली आणि बॅटरी घेऊन स्वतः बरोबर आले. आम्ही दोघं अंधारात खुर्च्यांवर बसून राहिलो. पुठ्ठ्याचा सांता कोपऱ्यात डोळे मिटून सॅक्सोफोन वाजवत होता. सकाळी आठला माझा तास होता, कारण पंचवीस डिसेंबरला तिथे सुट्टी नसते. बारा वाजले. दायेंनी उजेड धरला, मी बाळ गव्हाणीत ठेवलं.

आता सुंठवडा हवा होता. पातेल्यात पाहिलं. आल्याचा वास येत होता, तळाशी पाक होता आणि पाकात एकच नाशपाती.

"तुम्ही खा, लाओशी."

"छे, दाये, तुम्ही. तुम्ही मोठे."

"अर्धी अर्धी…" मी म्हणायला गेलो आणि दोघांनीही एकदमच माना हलवल्या. शेवटी त्यांनी नाशपाती खाल्ली, मी पाक प्यायलो.