नावात बरंच काही आहे

जावाचा कंपायलर म्हणजे भलता शिस्तीचा गृहस्थ. एक अर्धविराम राहिला तरी पुढे पाऊल टाकू देत नाही. पण वाट्टेल ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा, त्याची काही हरकत नसते. ती नुसती अक्षरं. खरी की खोटी, हे बघणं त्याचं काम नाही. ‘क्लास डॉट फॉरनेम’चा सगळा संसार याच बेफिकिरीवर उभा आहे. क्लासचं नाव मजकूर म्हणून द्यायचं, प्रोग्राम चालू असताना तो क्लास शोधला जातो आणि मग त्यातून ऑब्जेक्ट घडवता येतो. कोड लिहिणाऱ्याला ते नाव ठाऊकही नसलं तरी चालतं.

नाव मात्र पूर्ण लागतं, मतदारयादीसारखं आडनाव आधी: ‘कॉम डॉट मायएसक्यूएल डॉट जेडीबीसी डॉट ड्रायव्हर’. शेवटच्या ड्रायव्हरचा डी चुकून लहान लिहिलात, तर कंपायलर हूं की चूं करत नाही. बोंब होते ती प्रोग्राम चालवल्यावर: ‘क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन’! जावा निदान ओरडते तरी. डॉटनेटचं ‘टाइप डॉट गेटटाइप’ नाव सापडलं नाही, की एरवी गुपचूप हातावर ‘नल’ ठेवतं. भोगा पुढच्या ओळीत.

डेटाबेस जोडण्याआधी ड्रायव्हरला अशी हाक मारण्याचा मंत्र एका अख्ख्या पिढीने पाठ केला. हाकेतून जे मिळतं ते कोणी कुठे ठेवतही नसे. कारण हेतू एवढाच, की लोड होताहोता ड्रायव्हरने ड्रायव्हरमॅनेजरकडे आपली नोंद करावी. २००६ साली आलेल्या जावा ६ बरोबर ड्रायव्हर आपोआप सापडू लागले. मंत्र तरी सुटला नाही.

पुढे मायएसक्यूएलने त्या नावात मधेच एक ‘सीजे’ घुसवला. जुन्या नावाने हाक मारली तरी ओ येते. पण कन्सोलवर टोमणाही उमटतो, की हे नाव आता जुनं झालं, आणि मला हाताने लोड करायची सहसा गरजच नाही. इतका सभ्य टोमणा आमच्या आळीत कोणाला जमायचा नाही.

तेव्हा क्लासचं नाव बदलायची हुक्की आलीच, तर एक्सएमएल आणि प्रॉपर्टीज फाइलींसकट सगळ्या प्रोजेक्टमध्ये जुनं नाव आधी शोधा. ते काम कंपायलर तुमच्यासाठी करणार नाही.