मामा जागा बघतायत

सुपारी फुटली, याद्या झाल्या, पेढे वाटून संपले की बैठकीत एकच प्रश्न उरतो: कार्यालय कुठलं? सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही घरात हा प्रश्न निघाला की मुलीचा मामा उठून बसतो. सगळेच मामा असे नसतात. काही मामा भाचीला पैंजण करतात आणि गप्प राहतात. आपला विषय दुसरा मामा. भिंतींसाठी आणि छपरासाठी पैसे मोजणं हा त्याच्या मते निव्वळ माज आहे. "दाजी, हजार माणसांच्या लग्नात हाये काय त्या कार्यालयात? चार खांब आन् गरगरणारं पंखं. लग्न काय पंख्याशी लावायचंय? जागा माझ्यावर सोडा."

दाजी सोडतात. सोडल्याशिवाय चहा पुढे सरकत नाही.

हा मामा साठीच्या अलीकडचा-पलीकडचा असतो. निवृत्ती एसटीतून, जिल्हा परिषदेतून नाहीतर साखर कारखान्यातून. त्यातही कारखान्याच्या शेतकी खात्यातला मामा सगळ्यात धोक्याचा. कुठल्या गावात कुणाचं किती गुंठे रान आहे, ऊस आडसाली की खोडवा, तोड कधी पडली, हे दोन्ही जिल्ह्यांपुरतं त्याला तोंडपाठ असतं. जागा बघायची त्याची पद्धतही शेतकी खात्याचीच. गाडी बांधाला लावायची, चपला काढायच्या, टाचेनं एक ढेकूळ फोडायचं, बोट थुंकीनं ओलं करून वारा बघायचा. मग दोन्ही हात पसरून, "हितं स्टेज. तितं पंगत. वारा असा, म्हंजी आचाऱ्याचा धूर वरमाईकडं." शेवटचा मुद्दा अडचण म्हणून सांगितला की सोय म्हणून, हे त्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही.

त्याचा इतिहास पक्का असतो, आणि तो लग्नाच्या खर्चाशी जाऊन भिडतो. "नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं १९४३ ते ४६ मधी ह्याच मातीत गांधी-विवाह लावले. हुंडा न्हाय, थाटमाट न्हाय. तवा कुणी विचारलं का, पार्किंग कुठं?" यावर मामी आतून म्हणतात, "आवो, त्या सरकारनं पायाला पत्र्या ठोकल्याचंबी सांगत्यात. सगळंच करायचं असंल तर सांगा, मी खिळं काढून ठेवते." मामा डगमगत नाही. मराठी नाटकाची सुरुवातच सांगलीत आणि तीही लग्नानं झाली, विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर', १८४३, असा तो पुढचा दाखला देतो. दाजी हळूच विचारतात, "त्याच्या पाठीशी सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन हुते. आपल्या पाठीशी कोण हाये, पावणं?"

मुलगी साताऱ्याची, मुलगा तासगावकडचा, म्हणून जागा मधली हवी असं ठरतं. मामाच्या लेखी हे दोन जिल्हेच नाहीत. "तासगाव-वाळवा १९४९ पातुर सातारा जिल्ह्यातच हुतं. सांगली हे नाव तर १९६० ला पडलं." असं म्हणून तो 'मधली जागा' या सदरात कास पठारही घालून टाकतो. जागतिक वारशाच्या यादीत २०१२ साली आलेलं पठार, सजावटीचा खर्च शून्य, फुलं देवानं आधीच मांडलेली! अडचण एवढीच, की ती फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, तेव्हा चातुर्मास असतो. भटजी हे सांगतात तेव्हा मामा त्यांच्याकडे असा बघतो, जणू चातुर्मास त्यांनीच परस्पर ठरवलाय. पठारावर फुलं बघायला जाणाऱ्यांची संख्यासुद्धा ठरवून दिलेली असते, मग वऱ्हाड आणि ताशा तर सोडाच.

मग मेणवली. वाईजवळचा नाना फडणवीसांचा घाट. "शाहरुख खानाचा 'स्वदेस' हितं झाला. त्याला चालतं आन् आपल्याला चालत न्हाय?" घाटावरच्या देवळाजवळची ती मोठी घंटा, चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतली, ती वाजवली की वाजंत्र्यांचे पैसे वाचतात, हा मामाचा हिशेब. घाटाच्या पायऱ्या उतरताना सत्तरीपुढच्या आत्याबाईंना कोण धरणार, हा हिशेब वहीत नाही.

पण मामाचा जीव खरा अडकला तो साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीत. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली, अष्टकोनी, शंभर फुटांहून खोल, वर मोटांच्या जागा, आणि आत चक्क एक छोटा महाल. भर उन्हाळ्यात आत गारवा. "एसीचं बिल सतराशे एकोणीस-चोवीसमधीच भरून ठेवलंय बगा!" मामा तिथं अर्धा दिवस बसून होता. नवरानवरी महालात, भटजी पुलावर, वऱ्हाड काठावरून वाकून अक्षता टाकणार. अक्षता थेट खालच्या पाण्यात जातील, असं कुणीतरी म्हटलं. "मासं खातील. पुण्यच हाये." काठावरून वाकणाऱ्या वऱ्हाडाचं काय, यावर मामानं "दोरी बांधू" एवढंच सांगितलं.

तासगावच्या बाजूला गेल्यावर त्याला बेदाण्याची शेडं दिसली. हंगाम उरकलेला, जाळ्यांचे थर रिकामे, बाजूनं हिरवं शेडनेट. रुखवत थरांवर मांडता येईल, लाडू वरच्या मजल्यावर, भांडी खाली. हे ऐकून वरपक्षानं पहिल्यांदाच तोंड उघडलं: "आमी वर्षभर त्याच शेडात असतोय. लग्नाला तरी भाईर काढा."

खरं सांगायचं तर मामाचं मूळ म्हणणं खोटं नाही. या भागात लग्न म्हणजे दारापुढचा मांडव होता. वऱ्हाड भावकीच्या घरांत उतरायचं, पंगत शाळेच्या पटांगणात बसायची, आणि शाळेला मे महिन्यात सुट्टी असायची. आज कार्यालयात शिरलं की निवेदक आधी आमदार, मग सभापती, मग कारखान्याचे संचालक अशी यादी वाचतो. मुहूर्त टळून जातो आणि अक्षता मुठीत घामानं भिजतात. जेवून हात धुवेपर्यंत संध्याकाळच्या लग्नाचा ट्रक दारात उभा. हे सगळं मामाला बोचतं, आणि तिथं तो बरोबर आहे. तो चुकतो तो पुढच्या वाक्यात. "मोकळ्या जागंला भाडं कुठं असतंय?"

शेवटी जागा ठरली कराड तालुक्यात, कृष्णाकाठच्या मळीच्या रानात. मालक मामाच्या ओळखीचा. भाड्याचं नाव काढताच त्यानं कान पकडले. "पावणं, लाज काढता का? भाडं कसलं? फक्त खोडवा ठेवलाय, तो मोडावा लागंल. तेवढं बगा." खोडवा म्हणजे वर्षभराचा ऊस. तो मोडून रान सपाट करायला जेसीबी आला. मंडपवाला म्हणाला, कार्यालयात नुसत्या खुर्च्या लागतात, इथं कनातीपासून सगळं. पाण्याला टँकर, दिव्याला जनरेटर, बायामाणसांसाठी फिरती शौचालयं. आदल्या संध्याकाळी वळीव झाला. काळी माती, टाच रुतली की चप्पल तिथंच राहायची. रातोरात मुरुमाचे डंपर मागवले, रोलर फिरवला. सकाळी मामा त्या मुरुमावर उभा राहून अभिमानानं म्हणाला, "बगा दाजी, फरशीवाणी झालंय!" दाजींच्या हातात मंडपवाल्याचं, टँकरवाल्याचं आणि जेसीबीवाल्याचं अशी बिलं होती. कार्यालय किती कमीत पडलं असतं तो आकडा मी लिहीत नाही, दाजी अजून औषधावर आहेत.

लग्न मात्र झकास झालं. नदीवरून वारा आला, मठ्ठा गार राहिला, निवेदकाचा माईक जनरेटरबरोबर मधेच बंद पडला आणि मुहूर्त चक्क साधला. आचाऱ्याचा धूर ठरल्याप्रमाणे वरमाईकडेच गेला. मुहूर्ताच्या तोंडावर माईक परत चालू झाला आणि भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामा नाही. दुसरा पुकारा झाला, तिसरा झाला. शेवटी एका पोराला पिटाळलं. मामा बांधापलीकडे, शेजारच्या रानात, टाचेनं ढेकूळ फोडत मालकाला विचारत होता, "हे सालाबाद कवा मोकळं होतंय? धाकटी औंदा बारावीला हाये."